मंगळावरचा बाहेरकाठा

भाद्रपद सरत आला की पेणच्या खारेपाटात भात निसवू लागते. गणपती गेलेले असतात, मूर्तींच्या कारखान्यांतली धांदल ओसरलेली असते, आणि पाऊसही आता मुक्काम हलवण्याच्या बेतात असतो. अशाच एका संध्याकाळी मी भाच्याला घेऊन धरमतरच्या खाडीकडे फिरायला गेलो होतो. भाचा मुंबईस इंजिनियरिंग शिकतो. वाचन पुष्कळ, आणि वाचलेले दुसऱ्याच्या गळी उतरवण्याची हौस त्याहून अधिक. त्या दिवशी मंगळाची पाळी होती. मंगळ आज ओसाड असला तरी त्याला ऊब देता येईल, तिथली हवा दाट करता येईल, मग पाणी वाहील, शेवाळे धरेल, झाडे येतील, आणि एक दिवस माणूस तिथे उघड्या आभाळाखाली शेत करील, असे तो मला समजावून सांगत होता. परक्या ग्रहाला पृथ्वीसारखे करण्याच्या या उद्योगाला 'टेराफॉर्मिंग' असे नाव आहे. हा शब्द १९४२ साली जॅक विल्यमसन या अमेरिकन लेखकाने एका विज्ञानकथेत वापरला, आणि कथेतून तो शास्त्रज्ञांच्या लेखांत शिरला.

बांधावर एक ओळखीचे म्हातारे शेतकरी गुडघ्यावर बसून एका भोकात चिखल ठासत होते.

"काय चाललंय, आजोबा?" भाच्याने विचारले.

"चिंबोरीनं भोक पाडलंय. आज बोट जातंय. उद्याच्या उधानाला हात जाईल, आनी परवा होडी."

मग मीच गमतीने म्हटले की, हा मंगळावर शेती करायची म्हणतो. म्हाताऱ्याने हातातला चिखल तसाच धरून विचारले, "तिकडची जमीन कशी हाय?"

"खारट आहे," भाचा म्हणाला.

"पाऊस?"

"नाही."

"मंग धुवाल कशानं?" एवढे बोलून ते पुन्हा आपल्या भोकाकडे वळले.

भाच्याजवळ याचेही उत्तर होते; ते तो घरी येईपर्यंत देत होता. परंतु माझे लक्ष त्याच्या बोलण्यावरून उडाले होते. आपण ज्या बांधावर उभे होतो तो बांध, आणि त्याच्या अलीकडची ती हिरवी जमीन, ही स्वतःच एक माणसाने केलेली दुनिया आहे, ही गोष्ट इतकी वर्षे इथे राहून माझ्या ध्यानात आली नव्हती. न राहण्याजोगी जागा राहण्याजोगी करावी की नाही, करायची तर कोणत्या अटीवर, या प्रश्नाचा अनुभव घेण्यासाठी मंगळावर जाण्याची गरज नाही. पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत तो अनुभव दोन-तीनशे वर्षांचा साठलेला आहे.

खार म्हणजे माणसाने समुद्राकडून सोडवून घेतलेली जमीन. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा ज्या चिखलावर चढते त्या खाजणाच्या कडेने मातीचा भक्कम बांध घालायचा. याला बाहेरकाठा म्हणतात. बांधात एक दार ठेवायचे; ती उघाडी. ओहोटीला उघाडीतून आतले पावसाचे पाणी बाहेर पडते, आणि भरती आली की तिच्याच दाबाने दार मिटते. मग काम पावसाचे. या भागात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तो दर वर्षी जमिनीतला खार थोडाथोडा धुऊन नेतो. आधी गवत उगवते, मग काही वर्षांनी भात. तेही कोणतेही नव्हे, तर खारट अंग सोसणारा तांबडा राता. पुष्कळ ठिकाणी नांगर न घालता, मोड आलेले बी नुसते चिखलावर फेकून रहू टाकतात. इतक्या सायासाने मिळालेली ही जमीन आहे. अठराव्या शतकात, आंग्रे आणि पेशवे यांच्या अमलात, या किनाऱ्यावर अशी पुष्कळ खारबंदिस्ती झाली.

आता मंगळाकडे पाहा. २००८ साली फिनिक्स नावाचे यान मंगळाच्या उत्तर भागात उतरले. त्याने तिथली माती पाण्यात कालवून तपासली, तेव्हा तीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले, सुमारे अर्धा टक्का. हे क्षार माणसाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला बाधतात, आणि ते पाण्यात सहज विरघळतात. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. माती धुतली तर सुधारेल. पण धुणारा पाऊस नाही. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्काही भरत नाही, आणि तेथील सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. इतक्या विरळ हवेत पाणी उघड्यावर टिकत नाही. ते गोठते किंवा उडून जाते.

पण मंगळ नेहमीच असा नव्हता. त्याच्या अंगावर नद्यांची कोरडी पात्रे आहेत, तळी भरल्याच्या खुणा आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत पर्सिव्हिअरन्स हे यान जिथे उतरले ते जेझेरो विवर म्हणजे एके काळचे तळेच. नदीने आणून टाकलेला गाळ तिथे अजून त्रिभुजाच्या आकारात पडून आहे. पृथ्वीभोवती जसे चुंबकीय क्षेत्राचे कुंपण आहे तसे मंगळाभोवतीही होते. ते सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. त्यानंतर सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने तिथली हवा हळूहळू ओरबाडून नेली. २०१४ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मेव्हन यानाने हवेची ही गळती प्रत्यक्ष मोजली. पेणच्या माणसाला ही कथा एका वाक्यात सांगता येईल : मंगळ म्हणजे खांड पडलेला खार. बाहेरकाठा फुटला, बुजवणारे कोणी नव्हते, आणि जमीन गेली.

या ग्रहाची डागडुजी करण्याचे बेत कमी झाले नाहीत. कार्ल सेगन याने १९६१ साली प्रथम शुक्राचा बेत मांडला. शुक्राच्या ढगांत शेवाळे पेरावे, त्याने कार्बन डाय-ऑक्साइड खाऊन टाकावा, ग्रह थंड व्हावा. पुढे कळले की शुक्राच्या पृष्ठभागावर साडेचारशे अंशांहून अधिक उष्णता आहे, हवेचा दाब आपल्या नव्वद पट आहे, आणि ढग गंधकाम्लाचे आहेत. बेत मागे घ्यावा लागला. मग मंगळ. १९९१ साली ख्रिस्तोफर मॅके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की मंगळाला ऊब देणे काही शतकांत जमेलही; परंतु माणसाला श्वास घेता येईल इतका प्राणवायू तिथल्या वनस्पतींनी तयार करायला एक लाख वर्षांसारखा काळ लागेल. आणि २०१८ साली ब्रूस जॅकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी दाखवून दिले की मंगळावर आपल्या हाती लागण्याजोगा जेवढा कार्बन डाय-ऑक्साइड आहे तो सगळा हवेत सोडला तरी दाब पृथ्वीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जाईल. ऊब येण्याइतकी ती गोधडी जाड नाही.

'मग झाले तर,' असे म्हणून विषय मिटवता येईल. पण आज जे जमत नाही ते कधीच जमणार नाही असे म्हणणाऱ्याची इतिहासाने नेहमी फजिती केली आहे. शिवाय नीतीचा प्रश्न जमण्या-न जमण्यावर अवलंबून नसतो. जमले, तर करावे का? हा प्रश्न जमण्याच्या आधी विचारलेला बरा. जमल्यानंतर तो कोणी विचारीत नाही.

पहिला आक्षेप असा घेतला जातो की ओसाड ग्रहसुद्धा कोणाचे तरी घर असेल. खाजणाची गोष्ट इथे उपयोगी पडते. सरकारी दप्तरात खाजण म्हणजे पडीक. पण ओहोटीच्या वेळी त्या चिखलात उतरून पाहावे. निवट्या उड्या मारीत असतात, चिंबोऱ्या बिळांतून डोकावतात, तिवरांच्या मुळांशी कोळंबीची पिल्ले वाढत असतात, आणि त्यावर पोट भरणारी कोळ्यांची घरे खाडीच्या काठाला असतात. 'पडीक' हा शब्द जमिनीचे वर्णन करीत नाही. तो पाहणाऱ्याच्या गरजेचे वर्णन करतो. भाताच्या दृष्टीने पडीक, एवढाच त्याचा अर्थ. आज तर काळाने गंमत केली आहे. जिथे बांध फुटले आणि बुजवले गेले नाहीत तिथे तिवरे पुन्हा माजली, आणि ती तिवरे तोडणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. शेतकऱ्याला तिथे आजोबांचे बुडालेले शेत दिसते, कायद्याला जंगल दिसते. दोघेही खरे पाहतात.

मंगळावर निवट्या नाहीत. पण खडकाखाली, खोल खारट ओलाव्यात, एखादा सूक्ष्म जीव तग धरून असेल ही शक्यता शास्त्रज्ञ गंभीरपणे घेतात; म्हणून तर १९७६ साली मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने निघण्यापूर्वी भट्टीत तापवून निर्जंतुक केली होती. १९६७ च्या अंतराळ करारातही परक्या गोलांना अपायकारक रीतीने दूषित करू नये असे कलम आहे. असा जीव सापडला तर माझ्या मते प्रश्न तिथेच संपतो. विश्वात आपल्याखेरीज आढळलेल्या पहिल्या शेजाऱ्याला, त्याची ओळख होण्यापूर्वी, आपल्या शेवाळाखाली बुडवून टाकणे याला शेती म्हणता येणार नाही. पण समजा, मंगळ खरोखरच निर्जीव निघाला. मग नुसत्या दगडाला काही हक्क असतो का? काही विचारवंत म्हणतात, असतो. त्या लाल एकांतालाही आपले एक मोल आहे. मला ते मोल दिसते, परंतु उपाशी माणसाच्या आड येण्याइतके ते जड वाटत नाही. निर्जीव दगडावर जीव आणणे हे वाईट काम आहे असे मला म्हणवत नाही. बाहेरकाठा बांधणाऱ्या त्या पहिल्या माणसांना मी वाईट कसे म्हणू? माझ्या ताटातला भात त्यांच्या बांधाअलीकडचा आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. खार कोणाचा? ज्याने बांधला त्याचा, असे उत्तर चटकन सुचते. जुन्या व्यवस्थेत याची एक सुंदर रीत होती. ज्यांनी किंवा ज्यांच्या पूर्वजांनी खारबंदिस्ती केली त्यांना शिलोत्रीदार म्हणत. कसणाऱ्यांकडून त्यांना बिघ्यामागे एक मण भात मिळे. पण हा मण नुसत्या पूर्वजांच्या पुण्याईचा नव्हता, बाहेरकाठा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याला जोडलेली होती. काही खार कुळारग म्हणून ओळखले जात. ते पुष्कळ शेतकऱ्यांनी भागीत काढलेले असत, जमीन आपसांत वाटलेली असे, आणि बांध मात्र सगळ्यांचा. पुढे काय झाले ते खारेपाटाला ठाऊक आहे. कष्ट एकाचे, कागद दुसऱ्याच्या नावावर. १९३३ साली शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी गावी शेतकऱ्यांनी खोतांच्या विरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे त्यांनी जमिनी कसल्या नाहीत. जमीन पडीक ठेवणे हेच ज्यांच्या हातातले एकमेव हत्यार उरले, त्यांचेच पूर्वज ती पडीक जमीन पिकाखाली आणणारे होते!

याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. हवा आणि पाणी जसे कोणाच्या मालकीचे नाही तशी जमीनही नसावी, हे सांगत ते १९५१ पासून देशभर पायी हिंडले. भूदानाचा हिशेब शेवटी कसा जुळला हा वेगळा विषय. पण ज्या कल्पनेला लोक तेव्हा भाबडी म्हणाले, तीच १९६७ च्या अंतराळ करारात कायदा होऊन बसली. चंद्र किंवा अन्य कोणताही गोल कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचा म्हणता येणार नाही, असे तो करार सांगतो. भारतानेही त्यावर सही केली आहे. मात्र मंगळावर एक गोष्ट अशी होईल जी पृथ्वीवर विनोबांनाही कल्पावी लागली नाही. इथे जमिनीची मालकी असली तरी हवा फुकट आहे. तिथे हवाच कोणीतरी तयार करील. जो हवा करील, तो खोत होईल. आणि त्या खोताविरुद्ध चरीसारखा सहा वर्षांचा संप करता येणार नाही, सहा मिनिटांचाही नाही.

तिसरा प्रश्न किमतीचा, आणि तो समजायला पेणहून गाडीने रोह्याला जावे लागेल. रोह्याची कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते. सह्याद्रीच्या इतर नद्या चैत्रात दगड मोजीत पडतात, आणि ही मात्र भरल्या अंगाने जाते. कारण तिचे पाणी तिचे एकटीचे नाही. घाटमाथ्यावर मुळशीला टाटांनी धरण बांधले. त्या तलावाचे पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येते, १९२७ पासून तिथे वीज करते, आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी शेतांत नेले जाते. त्याच्यावर उन्हाळी भात होते, धाटावचे रसायनांचे कारखाने चालतात, आणि कोलाडला शहरातली मंडळी त्याच्या लाटांवर रबरी होड्या घालून मौज करतात. आता ते पाणी जिथून आले तिथे चला. त्या तलावाच्या तळाशी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची भातशेते आणि गावे आहेत. १९२१ पासून तीन वर्षे त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, धरण झालेच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती.

कुंडलिकेच्या काठी उन्हाळी भात लावणाऱ्याने मुळशीकराचे काही वाकडे केलेले नाही. तरी त्याच्या हिरव्या शेताखाली दुसऱ्याचे बुडालेले शेत आहे. एक जागा राहण्याजोगी करताना दुसरी कुठली जागा आणि दुसरे कोण माणूस त्याचे मोल देते, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही विकासाचा हिशेब पुरा होत नाही. मंगळाच्या बाबतीत पुरस्कर्ते मोठ्या अभिमानाने सांगतात, की तिथे बुडवायला कोणतेच गाव नाही. हे खरे वाटते. पण मला ते पुरते पटत नाही. मंगळावर बुडणारी गावे आज नाहीत, कारण ती अजून जन्मायची आहेत.

त्या एक लाख वर्षांचा विचार करा. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर चार हजार पिढ्या होतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. तेव्हापासून आपल्या जेमतेम चौदा पिढ्या झाल्या. खारबंदिस्ती करणाराही वाट पाहत असे. पण आज बांध घातला तर काही पावसाळ्यांनी त्याच्याच घरात राता शिजे. मंगळावरच्या दोन हजाराव्या पिढीतल्या मुलाचे काय? त्याने पृथ्वी पाहिलेली नाही, आणि त्याचा मंगळ अजून झालेला नाही. तो काचेच्या किंवा खडकाच्या आड जन्मेल, भोवतालची यंत्रे चालू ठेवील, आणि मरेल. एका अशा सुखासाठी, जे त्याचे नव्हे आणि त्याच्या नातवाचेही नव्हे. त्याला कोणी विचारले होते?

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. आजोबा आंबा लावतो आणि नातू खातो. फळ आपल्याला मिळणार नाही म्हणून झाड लावू नये का? हा दृष्टान्त मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवला आहे, आणि तो खोटा नाही. पण त्या संध्याकाळी बांधावर उभे असताना मला पहिल्यांदाच जाणवले, की आंबा आणि बांध या दोन वेगळ्या देणग्या आहेत. आंबा नातवाला मोकळा ठेवतो. नातवाने खावा, विकावा, नाही तर मुंबईला निघून जावे. आंबा त्याच्यावाचून उभा राहील, न राहिला तर कोणी मरणार नाही. बांधाचे तसे नाही. बांधाअलीकडे भरतीच्या पातळीखाली घर करून आजोबाने नातवाला नुसती जमीन दिलेली नाही. रोजची एक राखण दिलेली आहे. चिंबोरी बीळ पाडायची थांबत नाही, उधाण सुट्टी घेत नाही. एक खांड पडली आणि समुद्र आत आला, की पुढची काही वर्षे शेतात गवताची काडी होत नाही. एका पिढीने कंटाळा केला तर आधीच्या दहा पिढ्यांचे कष्ट एका अमावास्येच्या भरतीत वाहून जातात.

म्हणून शिलोत्रीच्या त्या मणाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. तो मण बांधण्याबद्दल नव्हता, राखण्याबद्दल होता. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या व्यवस्थेला एक गोष्ट कळली होती : जागा राहण्याजोगी करणे हे एकदा उरकायचे काम नसते. करणे आणि राखणे ही एकाच कामाची दोन नावे आहेत, आणि त्यांतले दुसरे नाव अधिक खरे आहे. आपण मात्र करणाऱ्याचे पुतळे उभारतो, राखणाऱ्याला रोजंदारी देतो. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ साली नवा झाला, आणि बाहेरकाठ्याची काळजी सरकारकडे गेली. हे योग्यच होते. गरीब गावांना तो भार पेलवत नव्हता. पण काळजी सरकारकडे गेली तशी ती गावाच्या मनातूनही थोडी गेली. उधाणाच्या रात्री अख्खे गाव टोपल्या घेऊन बांधावर धावत असे, ते आता आठवणीत सांगण्यापुरते उरत चालले आहे. दोनशे वर्षांत जर आपण राखण विसरू शकतो, तर एक लाख वर्षांच्या राखणीचे वचन कोणाच्या वतीने देतो आहोत?

आणि मंगळावर आणखी एक उणीव आहे, जी आकड्यांत येत नाही. खारेपाटातल्या शेतकऱ्याला मागे डोंगर असतो. बांध गेला तर तो वरकस जमिनीत नाचणी-वरी करतो, पेणला मूर्तीच्या कारखान्यात हात लावतो, मुंबईची गाडी धरतो. हाल होतात, पण माणूस उरतो. मंगळाला वरकस नाही. तिथून पृथ्वी जवळात जवळ येते तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर दूर असते. पोहोचायला सहा-सात महिने, आणि निघण्याची वेळही ग्रहांनी ठरवलेली. ज्या घराला मागचे दार नाही त्या घरात आपण स्वतः खुशाल जावे. तिथे मुले जन्माला घालण्यापूर्वी मात्र थांबून विचार करावा.

याचा अर्थ माणसाने मंगळावर जाऊ नये असा नाही. आपले मंगळयान २०१३ च्या नोव्हेंबरात निघाले आणि २०१४ च्या सप्टेंबरात पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचले, त्या सकाळी मीही इतरांसारखाच आनंदाने गहिवरलो होतो. पाहायला जावे, शिकायला जावे, चार माणसांनी झोपडी बांधून काही काळ राहून यावे. 'आधी पृथ्वी नीट करा, मग मंगळाचे बघा' हे वाक्यही मला आळशी वाटते. आधी डोंगरावरची शेती नीट करा, मग खाजणात उतरा, असे कोणी म्हटले असते तर खारेपाट झालाच नसता. माझे म्हणणे एवढेच, की अख्खा ग्रह बदलायला हात घालणाऱ्याने तीन गोष्टी आधी दाखवाव्यात. तिथे जन्मणाऱ्याला परत फिरायची वाट आहे. उघाडीची किल्ली एका खोताच्या कमरेला नाही, कुळारगासारखी सगळ्यांच्या हाती आहे. आणि जो बांधतो तो स्वतःच राखणीलाही बसणार आहे. या तिन्ही गोष्टी ज्या दिवशी दाखवता येतील त्या दिवशी मी माझा आक्षेप मागे घेईन. तोवर, जमले तरी करू नये असे माझे मत आहे.

हे मत मी भाच्याला रात्री जेवताना सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, पण एक ग्रह तर आपण बदलून बसलोच आहोत. कोणाला न विचारता."

मी हातातला घास तसाच ठेवला. तो म्हणत होता ते खरे होते. यंत्रयुगाच्या आधी पृथ्वीच्या हवेतल्या दर दहा लाख कणांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० कण होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. मंगळाला ऊब द्यायला जो वायू पुरत नाही, तोच इथे जास्त झाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगातल्या समुद्राची पातळी सरासरीने सुमारे वीस सेंटीमीटर चढली आहे, आणि चढतेच आहे. वीस सेंटीमीटर म्हणजे एक वीत. मुंबईच्या माणसाला ती वीत कदाचित दिसत नसेल. बाहेरकाठ्यावर बसून उधाण पाहणाऱ्याला ती दिसते. बेत न करता, आराखडा न काढता, आपण एका ग्रहाचे हवामान बदलले, आणि राखणीचे काम अजून जन्मायच्या मुलांच्या नावावर लिहून ठेवले. त्यांनाही मागचे दार नाही. मंगळावरच्या मुलाविषयी मी जे काही बोललो ते सगळे इथल्या मुलाला लागू पडत होते, आणि मला ते भाच्याने सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. आम्ही दोघे पुन्हा बांधावर गेलो. म्हातारे तिथे नव्हते. कालच्या भोकाची जागा ठासलेल्या चिखलाच्या ओल्या रंगावरून ओळखू येत होती. तिच्यापासून चार हातांवर दुसरे एक बीळ ताजे पडलेले होते. भाचा बांधाखाली उतरला, दोन ओंजळी चिखल घेऊन आला, आणि त्याला जमेल तसा तो त्या बिळात ठासू लागला. काम काही चांगले होत नव्हते. मी धोतराचा काचा मारून त्याच्याजवळ बसलो.